बबनरावच्या वावरातली शंभर बोंडं

यंदा परतीचा पाऊस असा रेंगाळला की दिवाळी होऊन गेली तरी सावळीच्या काळ्या रानात चप्पल रुतून बसत होती. कापूस फुटला होता, पण ओला. दव उतरेपर्यंत वेचायला हात लावता येत नव्हता. उकंडा खोब्रागडे आणि त्याची बायको लीला ऊन वर आलं की वावरात जायचे, कमरेला जुन्या लुगड्याची झोळी बांधायचे आणि वाकायचे ते दिवस कलेपर्यंत. त्यांची पोरगी साधना तोवर शाळेत असायची. दुपारी घरी येऊन भाकर खाल्ली की तीही साडीवर बापाचा जुना शर्ट चढवून वावरात हजर. सकाळी खडूनं पांढरी झालेली बोटं दुपारी बोंडाच्या टोकांनी ओरबाडून निघत.

साधनानं अमरावतीहून संख्याशास्त्रात एम.एस्सी. केलं होतं. पक्की नोकरी कुठं लागली नाही, म्हणून ती गावच्याच शाळेत अकरावी-बारावीला तासिका तत्त्वावर शिकवायची. मोठी माणसं तिला उकंड्याची साधना म्हणत. पोरं मॅडम म्हणत. त्या वर्षी यवतमाळच्या एका कॉलेजनं नवीनच काढलं होतं. पदवीच्या पहिल्या वर्षाचा संख्याशास्त्राचा पेपर खेड्यातल्या अकरावी-बारावीच्या पोरांनी आधीच द्यायचा, पास झाले तर पुढं कॉलेजात तो विषय सुटला. साधनानं पुढाकार घेतला आणि मूठभर पोरांचा वर्ग उभा राहिला.

पुस्तक इंग्रजीतलं. पहिल्याच धड्यात पत्त्यांचा कॅट. साधनानं खराखुरा कॅट वर्गात नेला तर प्राचार्य सेवादास राठोड दारात येऊन उभे राहिले.

"खोब्रागडे मॅडम, हे शाळेत?"

"अभ्यासक्रमात आहे सर."

"असंल. पन पोरायच्या घरी जाऊन काय सांगू मी? इस्पिक शिकवून राह्यलो म्हनून?"

कॅट परत पिशवीत गेला. दुसऱ्या धड्यात परदेशातल्या कॉलेजच्या पोरांच्या उंच्या होत्या, तिसऱ्यात कुठल्याशा कारखान्यातले दिवे. पोरं मुकाट उतरवून घेत. एक दिवस बबनरावांची नात सुरभी म्हणाली, "मॅडम, गणित जमते. पन हे कोनाचं आहे तेच समजत नाही."

साधनाला रात्रभर ते वाक्य टोचत राहिलं. दुसऱ्या दिवशी तिनं पुस्तक मिटूनच ठेवलं.

"बोरीच्या बाजारात तुमची कापसाची गाडी गेली," ती म्हणाली. "व्यापारी काय करते?"

"भाव पाडते," मागच्या बाकावरून ऋतिक म्हणाला. सगळे हसले.

"त्याच्या आधी?"

"हात खुपसते आत," पायल म्हणाली. पायल साधनाच्याच वस्तीतली, शेजारच्या रुखमाबाईच्या भावाची पोर. "वरचा कापूस तो पाह्यतच नाही. वरतं तर आपून चांगलाच ठेवतो."

"बरोबर. पूर्ण गाडी उलटवत नाही आन वरवरचंही घेत नाही. आतून, इकडून तिकडून मूठ काढते. त्याले नमुना म्हनतात." साधनानं फळ्यावर शब्द लिहिला. पोरांच्या माना पहिल्यांदाच एकदम वर झाल्या होत्या.

तेव्हा सुरभीनं सांगितलं. आजोबा पऱ्हाटी, म्हणजे कापसाचं उभं पीक, मोडायला निघाले होते. गावात बोंडअळी आली म्हणून ओरड झाली होती. बोरीकडच्या लोकांनी ट्रॅक्टर घालून उभी पऱ्हाटी रोटाव्हेटरखाली घेतली होती आणि जमिनीत ओल आहे तोवर हरभरा पेरून टाकला होता. सावळीत कोणाचं ठरत नव्हतं. मोडावी तर वेचणीचे पुढचे दोन वेचे गेले. ठेवावी आणि अळीनं खाल्ली तर कापूसही नाही, आणि ओल उडाली की हरभराही नाही.

"आजोबा म्हनते, तुमची मॅडम एवढं शिकवते तर येऊन पाह्य म्हना," सुरभी म्हणाली.

साधनानं घरी आल्यावर बापाजवळ विषय काढला. उकंडा ओसरीत चिमट्याचा सैल झालेला खिळा ठोकत बसला होता. पऱ्हाटीचं खोड धरून मुळासकट उपटायचा तो लोखंडी चिमटा दर वर्षी काम निघायच्या आधी तो असा दुरुस्त करून ठेवायचा.

"बबनरावच्या वावरात पोरं नेऊन राह्यली बाबा. एक दिवस आपल्याही नेते."

"आपल्या नको."

"काहून?"

"लोक म्हनतीन, उकंड्यानं पोरीच्या नावानं शाळेचे पोट्टे फुकट कामाले लावले." त्यानं खिळ्यावर शेवटचा ठोका घातला. "बबनरावले कोनी म्हननार नाही. आपल्याले म्हनतीन."

बापाचं खरं होतं हे तिला ठाऊक होतं.

*

बबनरावांचं वावर नदीच्या अंगाला, विहिरीच्या पाण्याखालचं. जूनच्या आरंभीच लावलेली पऱ्हाटी छातीला लागत होती. दर थोड्या अंतरावर काठ्यांना अळीच्या पाकोळ्या धरायचे सापळे टांगलेले. बबनराव बांधाच्या धुऱ्यावर छत्री टेकून उभे होते. सत्तरी ओलांडलेले, पण ताठ. शाळेच्या कमिटीवरही होते.

"या मॅडम. हे इथं पाहा, धुऱ्यापाशी. इथंच जास्त दिसून राह्यली."

"इथं नाही काका. कुठं पाहायचं ते चिठ्ठीनं ठरवू."

"चिठ्ठीनं?"

पोरांनी ओळी मोजून चिठ्ठ्या आणल्याच होत्या. ज्या ओळीची चिठ्ठी निघेल त्या ओळीत जायचं, मग पुन्हा चिठ्ठी काढून तितक्या पावलांवरच्या झाडाचं हिरवं बोंड तोडायचं. ऋतिकच्या वाट्याला नाल्याकाठची चिखलाची ओळ आली, त्याचा पाय नडगीपर्यंत आत गेला आणि चप्पल चिखलातच राहिली. सुरभीला आजोबांनी हळूच खुणावलं की तिकडलं झाड घे. ती थांबली, मॅडमकडं पाहिलं आणि चिठ्ठीतल्या झाडाकडं गेली. ते साधनाला फार आवडलं.

शंभर बोंडं गोणपाटावर पसरली. पोरं गोल करून बसली आणि अंगठ्यानं दाबून एकेक फोडायला लागली. ओल्या कापसाचा कच्चा, हिरवट वास सुटला. वरून बोंड अगदी धड दिसायचं, टवटवीत, आणि फोडलं की आतल्या एका कप्प्यात गुलाबी अळी वळवळायची, तिच्याभोवती सरकी पोखरून काळा भुगा झालेला. पायलनं पहिली अळी बोटावर घेतली आणि धरून ठेवली.

"बाहेरून तर काहीच समजत नाही," ती म्हणाली.

"म्हनूनच फोडून पाह्यतो."

अठ्ठावीस बोंडं किडकी निघाली. साधनानं पोरांकडून तिथंच गणित करून घेतलं, बांधावर, मांडीवर वह्या ठेवून. शंभरच पाहिली, सगळं वावर नाही पाहिलं, म्हणून खरा आकडा थोडा इकडं तिकडं असणार. शेकडा एकोणीसपासून सदतीसपर्यंत कुठंही.

बबनरावांनी ऐकून घेतलं. "म्हनजे ठेवू का मोडू?"

"ते हे गणित सांगत नाही काका. किती आहे एवढंच सांगते. ठरवायचं तुमीच."

"मंग माही शंभर बोंडं कायले फोडली?" असं म्हणताना ते रागावलेले नव्हते. वाकून त्यांनी फुटलेलं एक बोंड उचललं, उलटसुलट पाहिलं. "चारात एक. चारातले तीन धड आहे म्हनजे. अं?"

"थोडं कमीजास्त."

"मी ठेवतो," बबनराव म्हणाले. "एक वेचा तरी घेतो."

परतताना पोरं हवेत होती. साधनाही. आकड्याला पहिल्यांदाच कोणीतरी मालक भेटला होता, आणि त्या मालकानं त्या आकड्यावर काहीतरी ठरवलं होतं. ती स्कूटी ढकलत पोरांच्या बरोबरीनं चालली. ऋतिकची एकच चप्पल होती, तरी तो सगळ्यांच्या पुढं होता.

*

ग्रामपंचायतीच्या भिंतीवर एक फळा होता. त्यावर लसीकरणाच्या तारखा आणि नळ कधी येणार ते लिहिलेलं असायचं. ऋतिकनं सरपंचांना विचारून एक कोपरा पुसला आणि मोठ्या अक्षरात लिहिलं: आपल्या गावात गुलाबी बोंडअळी, शेकडा अठ्ठावीस. अकरावी-बारावी, संख्याशास्त्र वर्ग.

संध्याकाळी साधना तिथून गेली तेव्हा गाडी थांबवून तिनं ते वाचलं. ऋतिकनं 'शेकडा'चा 'ड' उलटा काढला होता. तिनं बोटानं पुसून, खाली पडलेला खडूचा तुकडा उचलून तो नीट केला आणि घरी गेली.

दुसऱ्या दिवसापासून गावात तो आकडा फिरायला लागला. पानटपरीवर, पिठाच्या गिरणीत, मारुतीच्या पारावर. आणि आकड्याबरोबर उकंडाही फिरायला लागला, हे साधनाच्या उशिरा लक्षात आलं.

उकंडा तसा बोलणारा माणूस नव्हता. जन्मभर लोकांच्या वावरात राबून, मग स्वतःच्या चार एकरांत राबून त्याला ऐकायची सवय होती. चहाच्या टपरीवर गेला तरी कडेच्या दगडावर बसून कप रिकामा करायचा आणि उठायचा. आता त्याला बाकावर जागा व्हायला लागली.

"उकंडाभाऊ, पोरगी काय म्हनते? ठेवावं का?"

टपरीवर कोणी त्याला उकंडाभाऊ म्हणायची ती पहिलीच वेळ असावी. उकंडानं उपरण्यानं तोंड पुसलं. "शेकडा अठ्ठावीस म्हनते. चारातले तीन धड. मोडू नका म्हनते."

"मोडू नका असं म्हनली?"

"म्हनजे तेच की."

घरी आल्यावर हे तो सांगायचा नाही. पण जेवताना पोळीचा घास जास्त वेळ चावत, मध्येच गालात हसायचा. लीला म्हणायची, "काय झालं व माय यायले. एकटेच हासून राह्यले." साधनाला वाटायचं, कापूस बरा निघत असेल.

रुखमाबाईचं वावर उकंडाच्या वावराला लागून. मध्ये नुसता एक धुरा. नवरा गेल्यापासून ती एकटीच दोन एकर करायची. पेरणी, डवरणी, वेचणी, सगळं. लीलाची ती जुनी मैत्रीण, साधना तिला मावशी म्हणायची. तिनं बोरीहून हरभऱ्याचं बियाणं आणून ठेवलं होतं, ट्रॅक्टरवाल्या संजयला वेळ सांगून ठेवली होती. संजय ट्रॅक्टर घेऊन धुऱ्यापर्यंत आलाही. तेव्हा उकंडा पलीकडून आला.

"रुखमाबाई, मोडू नको. थांब."

"काहून भाऊ?"

"साधनाच्या पोरायनं पाह्यलं ना. चारात एकच किडकं. कायले हातचा कापूस मातीत घालतं?"

रुखमाबाईनं पऱ्हाटीकडं पाहिलं. वरून बोंडं चांगली टच्च दिसत होती. "पोरगी म्हनली?"

"फळ्यावर लिवलं आहे. पंचायतीच्या."

संजयनं ट्रॅक्टर वळवला. त्यानंतर पाऊस एकदम उघडला, आणि उत्तरेचा कोरडा वारा सुरू झाला. सकाळी ओठ फाटायला लागले. काळी जमीन वरून पांढुरकी होत गेली आणि तिला केसाएवढ्या भेगा पडल्या.

*

शनिवारी शाळा सकाळची होती. साधना लवकर वावरात पोचली तेव्हा माय धुऱ्यावर बसलेली होती. एरवी या वेळी ती ओळीत असायची.

"काय झालं?"

लीलानं झोळीत हात घालून कापूस दाखवला. पिवळट, चिकट, गाठीगाठीचा. कवडी. बोंड अर्धवट उघडलेलं, पाकळ्यांना चिकटून बसलेलं, ओढलं की नखानं खरवडून काढावं लागत होतं. "सकाळपासून हेच. झोळी भरत नाही."

उकंडा ओळीच्या मध्ये उभा होता. साधना त्याच्याकडं गेली नाही. ती एका झाडापाशी वाकली, हिरवं बोंड तोडलं, अंगठ्यानं फोडलं. अळी. दुसऱ्या ओळीतलं. अळी. तिनं चिठ्ठ्या काढल्या नाहीत, पण पाय आपोआप इकडं तिकडं, लांबलांबच्या ओळींत गेले. ओंजळभर बोंडं फोडली तेव्हा तीनातलं एक धड निघत होतं. काहींत दोन दोन अळ्या होत्या.

ती उभी राहिली आणि मग तिला सगळं एकदमच दिसलं, जे रोजच डोळ्यासमोर होतं. त्यांची पेरणी उशिराची, पहिली उगवण दडपली म्हणून पुन्हा बी टोबून लावलेली. वावराला लागून मागच्या वर्षीच्या पऱ्हाट्यांची गंजी, सरपणासाठी ठेवलेली, पावसाळ्यापर्यंत तिथंच. अळी तिच्यातच राहिलेली असणार. सापळे नव्हते. पाणी नव्हतं. बबनरावांच्या वावराशी या वावराचं साम्य एवढंच, की दोन्हींत पऱ्हाटी होती.

उकंडा आला. त्यानं तिच्या तळहातावरची बोंडं पाहिली.

"आपल्यात जास्त आहे?"

"हो."

"किती?"

"तीनात दोन."

वारा पऱ्हाटीतून सळसळत होता. मग तो म्हणाला, "अठ्ठावीस म्हनली होतीस ना तू?"

"ते बबनरावचं होतं बाबा."

"फळ्यावर तसं नव्हतं."

साधनाच्या डोळ्यांसमोर फळा आला. आपल्या गावात. तिनं ते वाचलं होतं. गाडी थांबवून, नीट, आणि 'ड' सुधारला होता.

"मीच..." ती बोलायला लागली.

"तू मोडू नका म्हनली नव्हती," उकंडा म्हणाला. "ते मी म्हनलो. टपरीवर. तुह्या नावानं." त्यानं धुऱ्यापलीकडं पाहिलं. पलीकडं रुखमाबाई वाकून वेचत होती. तिची झोळी चपटी, रिकामी लोंबत होती. "तिलेही म्हनलो. ट्रॅक्टर आला होता तिचा."

साधनाला हे त्या क्षणी पहिल्यांदा कळलं.

*

सोमवारी तिनं वर्ग पंचायतीसमोर नेला. सकाळचं ऊन, टपरीवर चार माणसं बसलेली. त्यांच्यातलं कोणीतरी हळूच म्हणालं, "उकंड्याचा टक्का आला," आणि बाकीचे हसले. पोरांनी ऐकलं. साधनानं न ऐकल्यासारखं केलं.

"वाच," ती ऋतिकला म्हणाली.

त्यानं वाचलं. तो कोपरा अजून कोणी पुसला नव्हता.

"आमच्या वावरात तीनात दोन किडके निघाले," साधना म्हणाली. "रुखमा मावशीच्या वावरातही तेवढंच असंल."

"म्हनजे आपलं गणित चुकलं मॅडम?" पायलनं विचारलं. रुखमाबाई तिची आत्या. घरात काय बोललं गेलं असेल ते तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

"गणित तपासून पाह्य."

पोरांनी तिथंच उभ्या उभ्या पुन्हा केलं. बरोबर आलं. एकोणीस ते सदतीस.

"मंग?"

"बोंडं कुठली होती?"

"आमची," सुरभी म्हणाली.

"आन इथं काय लिवलं आहे?"

मग ऋतिक पुढं झाला. त्यानं बाहीनं 'आपल्या गावात' पुसलं आणि खडू हातात धरून थांबला. त्याचे कान लाल झाले होते. "मीच लिवलं होतं मॅडम. मले वाटलं गाव म्हनलं का मोठं दिसते."

"मी वाचलं होतं," साधना म्हणाली. "त्या दिवशीच. मलेही मोठं दिसलं. म्हनून मी काही म्हनलं नाही."

ऋतिकनं लिहिलं: बबनराव यांच्या नदीकाठच्या वावरात. जागा पुरेना म्हणून अक्षरं शेवटाला बारीक झाली. टपरीवरचे लोक आता हसत नव्हते, उठून जवळ येऊन वाचत होते. बबनरावही आले. त्यांचा दुसरा वेचा चांगला झाला होता आणि ते त्यांच्या चालीतून कळत होतं. त्यांनी फळा वाचला, साधनाकडं पाहिलं.

"माहं तर बरोबर निंगालं मॅडम."

"हो काका. तुमचंच बरोबर निंगालं."

त्या आठवड्यात ज्यांनी ज्यांनी बोलावलं त्यांच्या वावरात पोरं गेली. प्रत्येक वावराच्या चिठ्ठ्या वेगळ्या, गोणपाट वेगळं, आकडा वेगळा, आणि प्रत्येक आकडा त्या त्या माणसाच्या हातात, इतर कुठं नाही. कोणाला उपयोग झाला, कोणाला उशीर झाला होता. हरभऱ्याचा हंगाम सरत चालला होता. कॉलेजचा अर्धा अभ्यासक्रम मागं पडला आणि राठोड सरांनी दोनदा विचारलं. साधना म्हणाली, करून घेईन.

उकंडा टपरीवर जायचा बंद झाला. सकाळी उठायचा, चूळ भरायचा आणि ओसरीत बसून चिमट्याकडं पाहायचा. एक दिवस त्यानं तो खांद्यावर टाकला. लीलाला वाटलं, आपली पऱ्हाटी उपटायला निघाला.

"आपली नाही," तो म्हणाला. "आधी तिची."

*

रुखमाबाईनं ट्रॅक्टर परत बोलावला नव्हता. हरभऱ्याची ओलच राहिली नव्हती, मग रोटाव्हेटर कशाला. पऱ्हाट्या सरपणाला येतील म्हणून ती हातानंच एकेक उपटत होती, दोन्ही हातांनी खोड धरून, मागं झुकून. उकंडा धुरा ओलांडून आला आणि पलीकडच्या ओळीला लागला. साधना दुपारी आली, तिनं बापाच्या हातातून चिमटा घेतला आणि तीही लागली. रुखमाबाईनं एकदा मान वर करून पाहिलं आणि पुन्हा वाकली.

चिमट्याची दांडी लांब. खोड जबड्यात धरायचं, दांडी खाली दाबायची, की मूळ कोरड्या ढेकळासकट करकर वर येतं. सुरुवातीला सोपं वाटतं. दोन ओळींत खांदे भरून येतात. साधनाच्या तळहाताला फोड आले, ते फुटले, घामानं चुरचुरायला लागले. तिनं पदराचं टोक गुंडाळून घेतलं. उकंडानं पाहिलं, पण चिमटा परत मागितला नाही. तो हातानं उपटत राहिला. मधूनच त्याच्या कमरेतून एक आवाज निघायचा, दाबलेला.

पहिल्या दिवशी रुखमाबाई बोलली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. भाकरीचं फडकं सोडायला ती बोराच्या झाडाखाली एकटीच जाऊन बसली. उकंडानं आपली भाकर धुऱ्यावर उन्हातच खाल्ली. साधना दोघांच्या मध्ये कुठंतरी बसली.

"मावशीले काहीतरी म्हना ना बाबा," ती हळूच म्हणाली.

"काय म्हनू?"

तिनं उरलेली भाकर फडक्यात बांधली.

तिसऱ्या दिवशी दुपार कलली तेव्हा थोडंच रान उरलं होतं. उपटलेल्या पऱ्हाट्यांचे ढीग जागोजाग पडले होते आणि उघडी जमीन भेगाळलेली, राखी दिसत होती. रुखमाबाई सरळ झाली. कमरेवर हात ठेवून तिनं वावरावर नजर फिरवली, या टोकापासून त्या टोकापर्यंत. मग ती साधनाजवळ आली. तिनं साधनाचा हात धरला, गुंडाळलेला पदर सोडला, फोड पाहिले. तिच्या स्वतःच्या तळहातावर फोड यायला जागाच नव्हती, सगळी कातडी घट्ट्याची.

"पोरी," ती म्हणाली, "मले एक सांग. तुह्या त्या गणितात मी कुठं होती?"

साधनानं मान वर केली. रुखमाबाई रागानं विचारत नव्हती. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं.

"नव्हता मावशी," साधना म्हणाली. "तुमचं वावर त्याच्यात नव्हतंच. आमचंही नव्हतं."

"नव्हतंच?"

"नाही. आमी इकडं आलोच नव्हतो."

उकंडा दोन ओळी पलीकडं खोड धरून तसाच वाकलेला थांबला होता.

"मंग तसं सांगायचं होतं," रुखमाबाई म्हणाली. "मले माहीत नाही म्हनायचं. मी काय म्हनली असती? काहीच नाही. मी माह्या मनानं पेरलं असतं."

"हो मावशी."

"हो काय."

तिनं साधनाचा हात सोडला. झाडाखाली जाऊन तिनं पाण्याची कॅन आणली, आधी साधनाच्या तळहातांवर धार धरली, मग ओंजळ करायला लावून पाणी पाजलं. कॅन घेऊन ती उकंडाकडं वळली. तो सरळ उभा राहिला होता, पण तिच्याकडं पाहत नव्हता.

"भाऊ, घ्या," ती म्हणाली.

उकंडानं टोपी काढून काखेत धरली आणि ओंजळ पुढं केली. पाणी त्याच्या कोपरांवरून खाली गळत राहिलं. तो बराच वेळ पीत होता.

"नाल्याकडची पट्टी खोलगट आहे," रुखमाबाई म्हणाली. "तिथं बोट घालून पाह्यलं मी सकाळी. थोडी ओल लागते अजून. थोडंसं का होईना, हरभऱ्याचं बी फेकून पाह्यते. लागलं तर लागलं."

उकंडानं तोंड पुसलं. त्याच्या ओठावर नेहमीसारखं काहीतरी आलं होतं, तिला धीर देणारं, लागेल, नक्की लागेल असं. साधनाला ते दिसलं. त्यानं ते गिळलं, आणि टोपी डोक्यावर घातली.

"काही सांगता येत नाही रुखमाबाई," तो म्हणाला. "चाल, पाहू."

तिघंही नाल्याकडं चालायला लागले.